भिवराबाईनं अंगावर घेतलेली काच

भिवराबाईशी कुणी गोड बोललं की तिच्या कपाळावर आठी पडायची. बावन्न वर्षांत तिच्याशी गोड बोलून ज्यांनी तिचं वाटोळं केलं त्यांची यादी लांबलचक होती. त्यात तिचा पोटचा पोरगा होता, जो पुण्याकडं जाताना 'महिन्याला येत जाईन आई' म्हणाला आणि आठ वर्षांत दोनदा आला. त्यात तो डॉक्टरही होता, ज्यानं तिसाव्या वर्षी तिची गर्भपिशवी काढून टाकली. का, तर उसाच्या फडात बाईला आजारी पडायला सवड नसते. याउलट तोंडावर शिव्या घालणारा माणूस तिला बरा वाटायचा. शिवी घातली, मोकळा झाला, चहाला शेजारी येऊन बसला. असल्या माणसाशी कसं वागायचं ते तिला पाठ होतं.

तिचं स्वतःचं तोंडही काही कमी नव्हतं. सकाळी सहा वाजता ती घराबाहेर पडली की गल्लीतली कुत्री आधी बाजूला व्हायची, मग माणसं. जेवायला हाक मारली तरी ऐकणाऱ्याला वाटावं, आता मारामारी होणार.

बावीस हंगाम तिनं ऊस तोडला. नवरा टोळीचा मुकादम होता. तो फडातच छातीत कळ येऊन गेला आणि तेराव्याच्या आत टोळीतल्या माणसांची कुजबुज सुरू झाली, आता आपल्याला कोण नेणार म्हणून. 'मी नेणार,' भिवराबाई म्हणाली. बाई मुकादम ही गोष्ट कुणाच्या गळी उतरण्यासारखी नव्हती. पण समोर येऊन तसं सांगायची हिंमत एकालाही झाली नाही, आणि बाविसांतले शेवटचे नऊ हंगाम तिनंच टोळी चालवली. तिच्या हाताखाली सिदू नावाचा गडी होता. तो गुपचूप कोयता चालवायचा आणि तिच्या शिव्या खायचा.

मग गुडघे गेले. त्याच सुमारास सिरसाळ्याच्या अलीकडं, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं त्या माळावर सोलारचा प्लांट उभा राहिला. काचेच्या पॅनलवर धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून रोज पाणी मारून, लांब दांड्याच्या वायपरनं पुसायला बायका हव्या होत्या. भिवराबाईनं टोळी सिदूच्या हवाली केली आणि आपल्या जुन्या ओळखीतल्या अकरा बायका घेऊन सोलारवर दाखल झाली. कंपनीच्या कागदावर ती 'गँग लीडर' होती. बायका तिला मुकादमीण म्हणायच्या, आणि तिलाही तेच आवडायचं.

या नोकरीनं तिला एकच गोष्ट दिली, पण ती लाखमोलाची. सलग सहा दिवाळ्या तिनं स्वतःच्या उंबऱ्यावर पणती लावली. त्याआधी बावीस दिवाळ्या कधी ट्रकमध्ये, कधी परमुलखात पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत गेल्या होत्या. नोकरी गेली तर पुन्हा कोपी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि पुन्हा गेलं तर मुकादम म्हणूनही नाही. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात; एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. जी टोळी तिनं नऊ वर्षं हाकली, त्याच टोळीत अर्धा कोयता होऊन जायचं, या नुसत्या विचारानं तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सोलारवरची तेरावी बाई माया. ती बौद्ध वस्तीतली, कंपनीनं परस्पर घेतलेली. भिवराबाईला ही गोष्ट पहिल्या दिवसापासून खुपली. पाण्याचा जार सगळ्यांचा होता, पण मायाची पाळी आली की भिवराबाई तांब्या स्वतःच्या हातात घ्यायची आणि वरून ओंजळीत धार सोडायची. मायानं हे चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी ती स्वतःची बाटली घेऊन आली आणि पुन्हा त्या जाराकडं फिरकली नाही. भिवराबाईला वाटलं, प्रश्न सुटला. असे प्रश्न असेच सुटतात असं वाटणारी माणसं आपल्याकडं गावोगाव आहेत, तिला एकटीला काय बोल लावायचा.

सुपरवायझर सतीश मायाच्याच वस्तीतला, आयटीआय झालेला. रोज सकाळी तो मुद्दाम समोर येऊन म्हणायचा, "जय भीम, मावशी." भिवराबाई मुद्दाम म्हणायची, "राम राम." दोघांपैकी कुणी एक दिवसही चुकलं नाही. एवढ्या नेमानं वैरभाव पाळणारी माणसं ती. दुसऱ्या कुणापुढं तिचं नाव निघालं की तो 'तुमची मुकादमीण' म्हणायचा आणि ती त्याला 'तो सत्या'.

या सगळ्यांच्या वर सेल्वकुमार साहेब. कोइमतूरकडचा, चाळिशीचा, बारीक अंगाचा. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. तो आल्यापासूनच्या सहा महिन्यांत त्याचा आवाज कुणी चढलेला ऐकला नाही. पाणी आणून देणाऱ्या बाईला तो 'थँक यू' म्हणायचा आणि बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. भिवराबाई मात्र हसली नाही. "जो शिवी देत न्हाई ना, तो मनात ठिवतो," ती म्हणायची. "अन् ह्यो तर मनात बी न्हाई, वहीत ठिवतो." कारण साहेबाच्या खिशात एक छोटी वही होती आणि काही झालं की तो बोलायच्या आधी त्यात लिहायचा.

साहेबालाही ही माणसं पटत नव्हती. पहिल्या आठवड्यात त्यानं दोनदा सतीशला बोलावून विचारलं, "कौन झगड़ा कर रहा है?" सतीशनं सांगितलं, कुणी नाही सर, जेवायला हाका मारतायत. साहेबाचा विश्वास बसला नाही. आधीच्या एका साइटवर पॅनलवर पाय देऊन उभा राहिलेला एक कामगार त्याच्या डोळ्यांदेखत शॉक लागून गेला होता. तेव्हापासून पॅनलवर चढायचं नाही, हा त्याचा देवाधर्मासारखा नियम होता. तो ही गोष्ट बायकांना दर सोमवारी सांगायचा, खालच्या आवाजात. बायका मान खाली घालून ऐकायच्या. मोठा माणूस बोलत असताना त्याच्या डोळ्यांत बघायचं नसतं, एवढं वळण त्यांना होतं. साहेबाला वाटायचं, यांचं लक्ष नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी धनश्रीनं तो नियम मोडला. धनश्री म्हणजे सिदूची सून, वर्षापूर्वी एका जुन्या बाईच्या जागी आलेली, तेवीस वर्षांची, अंगावर दूध पिणारं लेकरू घरी ठेवून येणारी. वरच्या रांगेत पॅनलच्या मधोमध पारव्यांची घाण वाळून बसली होती आणि वायपर पोचत नव्हता. तिनं गुडघा टेकला, मग दुसरा. काच कडाडली आणि टोकापासून टोकापर्यंत जाळं पडलं. शेजारच्या रांगेतून मायानं ते बघितलं. भिवराबाई टँकरपाशी होती. ती पोचेपर्यंत धनश्री खाली उतरून रडत उभी होती.

"मेलीस का?" भिवराबाईनं विचारलं.

"न्हाई."

"मंग रडती कावून? गप. मी बघते."

आता इथं टोळीचा कायदा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच झालं. टोळीत चूक कुणाचीही असो, माफी मुकादम मागतो. उसाला पाचट राहिलं, मोळी सुटली, बैल दुसऱ्याच्या शेतात शिरला, कारखान्याचा माणूस तणतणत येतो. मग मुकादम पुढं होतो, हात जोडतो आणि म्हणतो, "चुकलं आमचं, पोटात घाला." तो माणूस दोन पिढ्यांचा उद्धार करतो आणि जातो. प्रकरण तिथं संपलं. त्यानंतर चुकणाऱ्याला कोपीमागं नेऊन मुकादम काय करायचं ते करतो. पण परक्याला नाव सांगायचं नाही. नाव सांगितलं की टोळी मोडली. नऊ हंगामांत भिवराबाईनं किमान शंभर वेळा असे हात जोडले असतील, आणि त्यातली एकही चूक तिची स्वतःची नव्हती.

दुपारी साहेबानं सगळ्यांना ऑफिससमोर उभं केलं. ऑफिस म्हणजे पत्र्याचा कंटेनर. "किसने किया? डरो मत," तो म्हणाला. "हमें सिर्फ समझना है." तेरा माना खाली गेल्या. साहेबानं पुन्हा विचारलं, तितक्याच हळू. भिवराबाईला तो हळू आवाज सहन होईना. ती पुढं झाली आणि तिनं हात जोडले.

"चुकलं आमचं साहेब. पोटात घाला."

आणि ती शिव्यांची वाट बघत उभी राहिली. खांदे थोडे वाकवून, नजर जमिनीवर, जशी ती नेहमी राहायची. शिव्या आल्याच नाहीत. सतीशनं हिंदीत सांगितलं, ही म्हणते चूक झाली, माफ करा. साहेबानं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. मग तो म्हणाला, "सच बोलने के लिए थँक यू." आणि त्यानं वही काढली.

टँकरपाशी आल्यावर भिवराबाईनं धनश्रीला सगळ्यांदेखत एक ठेवून दिली, तिच्या माहेरच्यांचा आणि सासरच्यांचा यथेच्छ समाचार घेतला आणि मग स्वतःच्या डब्यातली भाकरी तिच्यापुढं सरकवली. तिच्या हिशेबी विषय संपला होता. "साहेब भित्रा हाय," ती बायकांना म्हणाली. "साधी शिवी बी देता येत न्हाई."

तीन दिवसांनी सतीश एक छापील कागद घेऊन आला. कागद इंग्रजीत होता.

"मावशी, ह्याच्यात लिवलंय की तुमी पॅनलवर चढलावता अन् तुमच्याकडनं काच फुटली," तो म्हणाला. "खरं आसंल तरच सही करा. हे साहेब वर पाठवणार हायेत."

भिवराबाईनं सतीशकडं बघितलं. काल-परवापर्यंत नाकाला शेंबूड असलेलं पोरगं, आणि वस्तीतलं, हे तिला खरं-खोटं समजावून सांगतंय. त्यात मागं अकरा बायका ऐकत होत्या.

"आता तू मला शिकीवणार का रं? माफी मागितली तवा मी मागितली, सही बी मीच करणार. दे हिकडं."

"मावशी, कंपनीत माफी म्हंजी कबुली आसती."

"दे म्हणते ना."

सतीशनं कागद दिला. तो आणखी एकदा सांगू शकला असता. मायाच्या ओंजळीत वरून पडलेली पाण्याची धार त्यानंही बघितली होती, आणि त्याला आणखी एकदा सांगावंसं वाटलं नाही. हे त्यानं नंतर स्वतःच्या बायकोपुढं कबूल केलं. भिवराबाईनं दातओठ खात सही केली. चौथीपर्यंतचं शिक्षण तिथं उपयोगाला आलं.

आठवड्यानं पत्र आलं. पॅनलवर चढल्याची लेखी कबुली दिल्यामुळं महिनाअखेरीस काम बंद.

ती कंटेनरमध्ये घुसली ती दार आपटूनच. तिच्या मुलखात भांडल्याशिवाय काही मिटत नाही. आधी आवाज चढवायचा, समोरच्यानं चढवायचा, दोघांचे घसे बसले की मधला कुणीतरी 'जाऊ द्या' म्हणतो आणि तोडगा निघतो. ती टेबलावर हात आपटून ओरडली, "काय समजलाव तुमी? सहा वरसं घाम गाळला हितं. माणसं हाव का जनावरं?" साहेब खुर्चीवरून उठून भिंतीला टेकला. त्यानं गार्डला हाक मारली आणि फोन हातात घेतला. भिवराबाईला वाटलं होतं तो आता तरी भांडेल. त्याचा रंग उडालेला बघून ती आणखीच चिडली, कारण घाबरलेल्या माणसाशी भांडण मिटवता येत नाही.

सतीश मधे आला. "सर, इनका बोलने का तरीका ऐसा है. मारेंगी नहीं." मग तो तिला म्हणाला, "मावशी, खाली बसा. अन् आता तरी सांगा. तुमी चढलावता का?"

"मी कावून चढंल? माझे गुडघे वर जातेत का?"

सतीशनं ते साहेबाला हिंदीत सांगितलं. साहेब हळूहळू खुर्चीत बसला. त्यानं टेबलावरचं पत्र उचललं आणि तिच्यासमोर धरलं. "तो किसने किया? नाम बताओ. चिट्ठी आज ही वापस."

आरडाओरडा ऐकून बायका दाराशी जमल्या होत्या. भिवराबाईनं मागं वळून बघितलं. टोळीच्या कायद्याला दुसरी बाजूही होती. मुकादमाच्या गळ्याशी आलं की चुकणाऱ्यानं स्वतः पुढं यायचं, कुणी न सांगता. तिनं धनश्रीकडं बघितलं. धनश्री स्वतःच्या चपलांकडं बघत होती. बाकीच्या दहाजणी दुसरीकडं कुठंतरी. भिवराबाई थांबली. एखादं नाव घेताना जेवढा वेळ लागतो त्याच्या दहापट ती थांबली आणि कुणीही पुढं आलं नाही.

मग मागून आवाज आला. "सायेब, मी पायलंय. भिवराबाई वर चढल्याच न्हाईत. त्या टँकरपाशी व्हत्या."

माया पुढं आली होती. सतीशनं ते हिंदीत सांगितलं आणि साहेबाचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा झाला. "अच्छा. फिर कौन?"

मायानं तोंड उघडलं. आणि भिवराबाई तिच्यावर कडाडली.

"तू गप. तू आमच्या टोळीतली न्हाईस. टोळीतलं तुला काय करायचं?"

मायानं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग होता की नाही हे भिवराबाईला कळलं नाही, आणि कळून घ्यायची तिची तयारीही नव्हती.

"बरं," माया म्हणाली आणि दारातून बाहेर पडली.

साहेबानं सतीशला विचारलं, ही काय म्हणाली? "छोड़िए सर," सतीश म्हणाला. साहेबाच्या दृष्टीनं प्रकरण सरळ होतं. बाईनं लिहून दिलंय की मी केलं, आता म्हणते मी नाही, साक्षीदार आला तर त्याला गप्प बसवते. त्यानं पत्र पुन्हा फाइलमध्ये घातलं. "सॉरी," तो म्हणाला. भिवराबाईला त्या क्षणी त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

महिनाअखेरीस ती गेल्यावर साहेबानं ऑफिसच्या बाहेर एक कुलूपबंद पेटी लावली. कुणाची चूक दिसली तर नाव चिठ्ठीवर लिहून टाकायचं, आपलं नाव लिहायची गरज नाही. पहिले पंधरा दिवस ती रिकामी राहिली. मग एक चिठ्ठी पडली आणि पाठोपाठ दुसरी, सूड म्हणून. महिन्याभरात ती इतकी भरू लागली की वरच्या ऑफिसानं साहेबाचं कौतुक केलं. बायका आता दुपारी वेगवेगळ्या पॅनलच्या सावलीत बसून जेवायच्या. डबा उघडताना आधी आजूबाजूला बघायच्या.

भिवराबाईनं गावात काम शोधलं. गुडघ्यांमुळं कुणी निंदायला बोलवेना आणि तोंडामुळं कुणी धुणीभांडी देईना. दसरा झाला. सिदूनं निरोप धाडला, 'यायचं असंल तर एक जागा हाय.' तिनं निरोप आणणाऱ्याला हाकलून दिलं आणि दोन दिवसांनी स्वतः जाऊन 'येते' म्हणून सांगून आली.

निघायच्या सकाळी तिचं बोचकं बांधून झालं होतं. धनश्री दारात आली. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या, वर ठेचा. तिनं त्या उंबऱ्यावर ठेवल्या, बाहेरच वाकली आणि हात जोडले.

"मावशी, चुकलं माझं. लेकरू ल्हान हाय, म्हून भ्याले. पोटात घाला."

भिवराबाई बोचक्यावर बसली होती. असं कुणी म्हटलं की काय म्हणायचं असतं, ते तिच्या जिभेवर आयतं होतं. ऊठ म्हणायचं, दोन शिव्या द्यायच्या, चहा टाकायचा. तिनं तसं केलं नाही.

"साहेबाला सांगितलंस का?"

"न्हाई."

"आज जाऊन सांगशील?"

धनश्रीनं भाकरीचं फडकं आणखी आत सरकवलं.

"मायानं सांगितलं आस्तं," भिवराबाई म्हणाली. "जिच्या हाताला माझा तांब्या लागू दिला न्हाई, ती एकटी तोंड उघडाया निघालती. तिला मी गप केलं. कुणासाठी, तर तुझ्यासाठी." तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता, साहेबाच्या आवाजाइतका. "माझ्याकडं आता जागा न्हाई पोटात घालायला. भाकरी उचल अन् घरला जा."

धनश्री गेली. भिवराबाईनं दार ओढून कडी घातली. ट्रक चौकात उभा होता आणि माणसं आपापली भांडीकुंडी वर चढवत होती. ती बोचकं घेऊन केबिनच्या बाजूला गेली, नऊ वर्षं जिथं बसायची तिथं. सिदू हातात यादी घेऊन उभा होता. त्यानं तिच्याकडं न बघता ड्रायव्हरला सांगितलं, "अर्धा कोयता मागं बसंल."

भिवराबाई मागं गेली. कुणीतरी वरून हात दिला, तिनं तो धरला नाही. दुखऱ्या गुडघ्यावर जोर देऊन ती स्वतःच वर चढली आणि सामानाच्या कडेला जागा करून बसली.